नाव खरवडलेली फरशी

एवढ्या एका फरशीवर पाय देऊ नका. बाकी देवळात कुठेही फिरा. आम्ही किरिस्तावही याला देऊळच म्हणतो, दांडेवाडीचं थोरलं देऊळ. फिरंग्यांच्या काळात इथे बिशप बसायचे असं सांगतात. आता छप्पर नाही, कमानी तेवढ्या उभ्या आहेत. जमिनीतल्या प्रत्येक थडग्यावर नाव आहे, कुठे कवटी कोरलेली, कुठे जहाज. या एकाच फरशीवर नावाच्या जागी छिन्नीचे घाव दिसतात. मी इनास, या जागेची देखभाल आमच्याच घराण्याकडे आहे. ही हकिगत मी जशी ऐकली तशी सांगतो. ऐकणारा बहुतेक गोंधळून जातो. मीही अजून गोंधळलेलाच आहे.

फिरंग्यांच्याच काळात गावात बस्त्याव नावाचा सुतार होता. वेदीमागचं सगळं लाकडी कोरीवकाम त्याचं होतं म्हणे. घरात आई कायतानबाय आणि बायको रेमेद. एका पावसाळ्याच्या तोंडावर तो जहाजाच्या डागडुजीसाठी फिरंग्यांबरोबर समुद्रावर गेला. जहाज वादळात फुटलं. बऱ्याच दिवसांनी खाडीच्या तोंडाशी एक प्रेत लागलं. माशांनी चेहरा ठेवला नव्हता, पण गळ्यात लाकडी क्रूस होता. तो बस्त्यावने स्वतः कोरलेला. गावात सगळ्यांच्या ओळखीचा.

कायतानबायने तो क्रूस पाहिला आणि ती प्रेताशेजारी बसली. "माझाच आहे," ती म्हणाली.

रेमेद मात्र उभीच राहिली. तिने पाय पाहिले, हात पाहिले. क्रूस त्याचा होता, पण हात त्याचे वाटेनात. पुन्हा पाहिलं तर वाटले. मग पुन्हा वाटेनात. "आये, मला कळत नाही," एवढंच ती म्हणत राहिली.

आता तुम्ही विचाराल, एवढं अडून बसायचं काय होतं? तर त्या वेळची समजूत ध्यानात घ्या. त्या कमानीवर लाल रंगाचे पुसट डाग दिसतात ना, तिथे मोठं चित्र होतं. वर स्वर्ग, खाली नरक, आणि मध्ये शुद्धिस्थानाची आग. फार पापी नाही आणि संतही नाही असा माणूस मेला की त्या आगीत शुद्ध व्हायला राहतो, आणि मागे राहिलेल्यांनी त्याच्या नावाने मिस्सा, म्हणजे पाद्रीकडून वेदीवरची उपासना, करवला, प्रार्थना केली, तर तो लवकर सुटतो, अशी श्रद्धा होती. लोक मरणाला जितके भीत नसत, तितके पापकबुलीशिवाय, पाद्रीशिवाय येणाऱ्या मरणाला भीत. आणि समुद्रात पाद्री कुठून असणार?

म्हणजे रेमेदने 'हा नाही' म्हणावं, आणि तो बस्त्यावच असला, तर तिचा नवरा तिच्या हट्टापायी जळत राहणार. 'हाच' म्हणावं, आणि तो जिवंत असला, तर जित्या माणसाच्या नावाने मृतांचा मिस्सा होणार. तसं केलं की तो माणूस खरोखरच मरतो, असं लोक म्हणत. तिने पाद्री गास्पार यांना विचारलं, "पाद्रीबाबा, देव माणसाला नावाने ओळखतो की चेहऱ्याने?"

पाद्री शिकलेले होते. "मिस्साला नाव लागतं, एवढं मला ठाऊक आहे," ते म्हणाले.

रेमेद कमानीखाली गेली आणि त्या आगीतल्या माणसांकडे बराच वेळ बघत राहिली. परत आली ती म्हणाली, "हाच."

वेदीचं काम त्याचं म्हणून त्याला वेदीजवळच पुरलं. फरशीवर नाव कोरलं. कायतानबाय रोज यायची, इथे गुडघे टेकायची, बोलायची, रडायची. रेमेदही यायची, पण प्रार्थना अर्ध्यावर सोडायची. मेल्यासाठी मागू की जित्यासाठी, हे तिला ठरवता येत नसे.

अशी बरीच वर्षं गेली. आणि एका सकाळी बस्त्याव पायवाटेने गावात आला.

अरबांच्या मुलखात तो बंदी होता म्हणे, सुटून आला होता. केस पिकलेले, एक पाय ओढत चालणारा. लोक वाटेतून बाजूला झाले. रेमेदने त्याला दारात थांबवलं आणि त्याचे हात हातात घेऊन उलटसुलट पाहिले. मग ती तिथेच खाली बसली. हसत होती की रडत होती, ते बघणाऱ्यांना कळलं नाही.

पण कायतानबाय धावत आली नाही. मुलाला तिने डोळे भरून पाहिलं, गालावरून हात फिरवला आणि विचारलं, "मग तो कोण?"

बस्त्याव सांगू लागला. जहाज फुटत होतं तेव्हा एक माणूस त्याला बिलगला. मरणाने भेदरलेला. त्याची भाषा बस्त्यावला कळत नव्हती. बस्त्यावने आपला क्रूस काढून त्याच्या गळ्यात घातला. कुठे लागलाच, तर कोणीतरी नीट माती देईल, एवढाच विचार. नाव विचारायचं राहून गेलं.

"किरिस्ताव होता का?" पाद्रींनी विचारलं.

"माहीत नाही, पाद्रीबाबा. जहाजावर सगळ्या जातीधर्माचे खलाशी होते."

मग देवळात माणसं जमली. कोणी म्हणे, हाडं उकरून बाहेर न्या, परधर्माचा असेल. कोणी म्हणे, इतके मिस्से त्याच्यावर झाले, आता तो आपलाच. ते मिस्से पोचले तरी कोणाला? बस्त्यावला पोचले म्हणून तो जगला, की या परक्याला? पाद्रींनी कुदळ आणायला सांगितलं, मग नको म्हणाले, मग पुन्हा आणायला सांगितलं.

तेव्हा कायतानबाय येऊन या फरशीवर बसली.

"मी याच्यासाठी इतकी वर्षं रडले," ती म्हणाली. "आता कोणाचा का असेना. याची आई कुठेतरी वाट बघत असेल, तिला तर हेही ठाऊक नाही की याला माती मिळाली. उकरायचंच असेल तर आधी मला उचला."

तिला कोणी उचललं नाही. पाद्री गोव्याला गेले, बिशपांच्याही वरच्या थोरल्या पाद्रींना विचारायला. तिथे काय उत्तर मिळालं ते त्यांनी परत आल्यावर कधीच सांगितलं नाही. बस्त्यावने छिन्नी आणली आणि स्वतःचं नाव स्वतःच्या हाताने खरवडून काढलं. दुसरं काय कोरायचं, हे त्याने आईला विचारलं, बायकोला विचारलं. कोणालाच सांगता येईना. त्याने छिन्नी खाली ठेवली.

कायतानबाय शेवटपर्यंत इथे येत राहिली. मरताना तिने मुलाला सांगितलं, मला माझ्या माणसांत नको, याच्या शेजारी पुरा. ही डावीकडची फरशी तिची. तो परका स्वर्गात गेला की आणखी कुठे, आणि त्याला तिथे मराठीतल्या प्रार्थना कळल्या का, हे मला विचारू नका. माझ्या वडिलांनाही मी हेच विचारायचो.

आजही मृतांच्या दिवशी सगळा गाव इथे जमतो. आपापल्या थडग्यांकडे जाण्याआधी या फरशीभोवती उभं राहायचं, अशी रीत आहे. आमच्या कितीतरी घरांतली माणसं बोटींवर गेलेली असतात. त्यांच्या आया पुढे असतात. फादर प्रार्थना म्हणतात, आणि जिथे मेलेल्याचं नाव घ्यायचं तिथे थांबतात. त्या थांबण्यात ज्याने त्याने मनात एक नाव घ्यायचं. कोणाचं घेतलं, ते विचारत नाहीत.