सातव्या होलचं गवत

अण्णासाहेब जाचकांसारखा गोल्फ खेळणारा आमच्या टेकडीवर दुसरा झाला नाही. खरं सांगायचं तर बाकीचे सगळे चांगलं खेळत.

टी म्हणजे बोटभर लाकडी खुंटी. तिच्यावर चेंडू ठेवून प्रत्येक होलचा फक्त पहिला फटका मारायचा; पुढे चेंडू जसा पडेल तसा मारायचा. हे क्लबातल्या मांजरालाही ठाऊक!

चषकाच्या सामन्यात सातव्या होलला अण्णासाहेबांचा चेंडू उंच गवतात जाऊन बसला. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, बुटाची नाडी बांधायच्या मिषानं वाकले आणि चेंडूखाली हळूच टी खोचली. चेंडू उडाला तो थेट होलच्या खड्ड्यात रोवलेल्या झेंड्यापाशी. त्या एका फटक्याच्या जोरावर शेवटी त्यांनी सामना जिंकला.

टाळ्या पडल्या तसे त्यांचे कान तापले. त्यात हरलेले डॉक्टर सोहनी भाबडेपणानं म्हणाले, "एवढ्या गवतातून असा फटका! शिकवा की आम्हाला."

अण्णासाहेबांना चषक हातात धरवेना. लाज झाकायला कुणावर तरी ओरडणं भाग होतं. समोर गवत कापणारी हौसाबाई दिसली.

"काय गं हौसा, सातव्या होलला गुडघाभर गवत! कापायला हात मोडले होते? उद्यापासून कामावर येऊ नकोस!"

हौसाबाईनं विळा खाली ठेवला, पदर सावरला.

"कापलं असतं की, सायेब! पण मग चेंडूखाली खोचलेली टी तुम्ही लपवली कुठं असती?"