म्हाळूमामा दोन तास आधी पोचला

एका गावात एक भोळा मामा होता, म्हाळू नावाचा. कुणी काही शिकवलं की पदराला गाठ मारून ठेवायचा. ती सोडायचा मात्र भलत्याच ठिकाणी.

त्याच्या भाचीचं, वैजूचं, लग्न ठरलं. नवरीला मांडवात आणायचं ते मामानंच, अशी रीत. वैजूनं फोनवर बजावलं, "मामा, तू आणशील तरच मी मांडवात येईन." वर विमानाचं तिकीटही धाडलं. तिच्या शहराला विमानतळ होता आणि मामाच्या तालुक्यालाही नवा झाला होता. रस्त्यानं नऊ तास, विमानानं पाऊण तास.

शुक्रवारी पाचला हळद. म्हाळू बरोब्बर सव्वाचारला विमानतळाच्या फाटकात उभा! पाऊण तास म्हणजे पाऊण तास.

"पाव्हणं, विमान सकाळी नऊलाच गेलं," शिपायानं कपाळावर हात मारला. "कुठंही जायचं तर दोन तास आधी येऊन बसावं."

"बरं झालं सांगितलंत. ध्यानात ठेवतो."

शनिवारी विमान नव्हतं. म्हाळू एसटी स्टँडवर गेला. गाडी उभीच होती. कंडक्टर म्हणाला, "चला, चढा!"

"आधी दोन तास बसायचं असतं," म्हाळू म्हणाला आणि बाकावर टेकला. दोन तास बसला. गाडी गेली, आणि दिवसाला तेवढी एकच होती.

"अरे देवमाणसा," स्टँडवरचा कंट्रोलर ओरडला, "दारात उभी गाडी दिसली की चढून बसावं!"

"बरं झालं सांगितलंत. ध्यानात ठेवतो."

रविवारी लग्न. बायकोनं नवं तिकीट काढून त्याला वेळेत विमानतळावर सोडलं, हाताला धरून विमानात बसवायचं तेवढं बाकी ठेवलं. विमान उतरलं, अजून धावतंय, तोच हा पिशवी घेऊन उठला.

"काका, खाली बसा!" हवाईसुंदरी ओरडली. "थांबेपर्यंत पट्टा सोडायचा नाही, कुणी काही म्हणो."

"बरं झालं सांगितलंस, पोरी. ध्यानात ठेवतो."

मुहूर्त बारा पस्तीसचा. मामाला बघून वैजू आनंदानं रडलीच. भटजींनी हाक दिली, "मामा, नवरीला आणा!" म्हाळू तिचा हात धरून निघाला. कार्यालयाच्या दारात फुलांनी सजवलेली मोटार उभी. दारात उभी गाडी! म्हाळूनं भाचीला चढवलं, आपण चढला, दोघांचे पट्टे बांधले.

"मामा, मांडव तिकडं आहे."

"थांबेपर्यंत पट्टा सोडायचा नाही, कुणी काही म्हणो."

वैजूला ते पटलं. भाची मामावरच गेली होती. ड्रायव्हरनं नवरी बघितली, मामा बघितला. त्याला वाटलं, लागलं लग्न. त्यानं गाडी काढली ती थेट नवरदेवाच्या गावी. वाट पाऊण तासाची.

घरी नवरदेवाची आजी एकटीच होती. तिला नातसून बघून कोण आनंद! तिनं उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलं, वैजूनं ते ओलांडलं. तेवढ्यात म्हाळूला वैजूच्या वडलांचा फोन आला.

"म्हाळू, अंतरपाट धरून माणसांचे हात दुखले रे! नवरी कुठाय?"

"सासरी. पाठवणी तीनची होती ना, दाजी? दोन तास आधी येऊन बसलोय. माप ओलांडून झालं, इकडची काळजीच सोडा. तेवढं लग्न राहिलंय, ते तुम्ही तिकडं उरकून घ्या."