चार कमानींची शाळा

पूर्वी अश्मक देशात धृतवर्मा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व नळवन नावाच्या आडबाजूच्या जनपदात एका चटया विणणाऱ्याच्या घरी जन्मला होता. त्याचे नाव वेणुदत्त. राजा राज्य करीत होता, ही आपली सांगायची पद्धत. तो सिंहासनावर बसत होता, एवढे मात्र खरे.

त्या देशात वर्षातून एकदा राजसभा भरत असे. प्रत्येक जनपदाने आपला एक प्रतिनिधी पाठवायचा आणि त्याने सभेत उभे राहून आपल्या लोकांसाठी द्रव्य मागायचे, अशी रीत होती. नळवनात चार वस्त्या होत्या आणि चार वडीलधारे. सोमिल सर्वांत म्हातारा होता. भद्रघोष सर्वांत मोठ्याने बोलत असे. नागदेवाकडे सर्वांत जास्त जमीन होती, आणि यज्ञगुप्ताला बाकीचे तिघे काय म्हणतात ते कधी पटले नव्हते. चौघांपैकी एक राजसभेत गेला असता तर उरलेले तिघे जळून मेले असते. म्हणून ज्याच्यावर जळण्यासारखे काहीच नाही अशा वेणुदत्ताला त्यांनी निवडले. वडीलधाऱ्यांचे एकमत होते ते असे.

नळवनाची शाळा यज्ञगुप्ताच्या गोठ्यात भरत असे. शोणाबाई शिकवीत. सबंध जनपदात अक्षर ओळखणाऱ्या त्या एकट्याच होत्या. त्यांच्या आधी जे जे आचार्य आले ते गळका गोठा पाहून पहिल्याच पावसाळ्यात चालते झाले होते.

राजसभेला निघण्यापूर्वी बोधिसत्त्व त्यांना भेटायला गेला.

"काल म्हशीनं अंकगणित खाल्लं," शोणाबाई म्हणाल्या. "आज व्याकरणाकडे बघते आहे."

"तालपत्रं वर बांधून ठेवायची ना, बाई."

"वरून पाणी गळतं, खालून म्हैस खाते. मधे कुठे ठेवू ते सांग. हे बघ वेणुदत्ता, पावसाळ्याआधी छप्पर झालं नाही तर मी भावाकडे जाणार. माझा मुलांवर राग नाही. म्हशीवरही नाही."

"मग राग कुणावर आहे?"

शोणाबाईंनी बाहेर बोट दाखवले. मोकळ्या माळावर एक दगडी कमान उभी होती. मागचा प्रतिनिधी सोमिलाचा मेहुणा होता. त्याने शाळेसाठी वस्त्यांतून द्रव्य गोळा केले तेव्हा, शाळेला आधी कमान हवी, असे सोमिलाने सांगितले, आणि कमान पुरी होईपर्यंत द्रव्य संपले. कमानीच्या अलीकडे माळ होता आणि पलीकडेही माळच होता. तिच्यावर सोमिलाचे नाव कोरलेले होते. सोमिलाला वाचता येत नव्हते, पण रोज संध्याकाळी जाऊन तो ते पाहून येई. बाकीचे तिघे ती कमान पाहावी लागू नये म्हणून लांबच्या वाटेने जात.

बोधिसत्त्व राजसभेत पोचला. तेथे दोन मोठे हंडे ठेवलेले होते. एक विद्येचा आणि एक सन्मानाचा. विद्येच्या हंड्याला दर उत्सवात हळदकुंकू वाहिले जाई, हार घातला जाई, त्याच्यापुढे दिवा लावला जाई. विद्या फार पवित्र, तिला हात लावायचा नसतो, अशी सभेची श्रद्धा होती. त्यामुळे त्या हंड्याचे झाकण राजाच्या आजोबांच्या काळापासून कुणी उघडले नव्हते. सन्मानाच्या हंड्याला झाकणच नव्हते. स्वागताचे मांडव, हत्तीच्या झुली, म्हाताऱ्यांना शाली आणि कमानी, हे सगळे त्यातून निघे.

पहिल्या दिवशी बोधिसत्त्वाने सरळ मागितले. "महाराज, आमच्याकडे शाळा नाही. विद्येच्या हंड्यातून द्यावं."

सभा दचकली. कोषाध्यक्ष कुंभीराने कानांवर हात ठेवले. "अरे, तो पूजेतला हंडा आहे. तुमच्या गावात देवाला कामाला लावतात का?"

"देवळात पुराचं पाणी शिरलं की आम्ही देवालाही खांद्यावर घेतो."

"आमच्या वेळी पोरं असं बोलत नव्हती," मागून एक वृद्ध प्रतिनिधी म्हणाला.

"तुमच्या वेळीही हंडा बंदच होता, आजोबा."

त्याला खाली बसवण्यात आले. बोधिसत्त्वाला राग आला. राग यावा असेच ते होते. पण रागाने छप्पर होत नाही, हे तो जाणत होता. म्हणून तो दिवसभर गप्प बसून सभेकडे पाहत राहिला. विहीर मागणाऱ्याला प्रश्न विचारले जात, बांध मागणाऱ्याला पुढच्या वर्षी यायला सांगत, आणि ज्याच्या मागणीत कुणा वडीलधाऱ्याचे नाव असे त्याला वाक्य पुरे होण्याआधीच द्रव्य मिळत असे.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर तो पुन्हा उभा राहिला.

"महाराज, नळवनाला चार कमानी हव्यात. चार वडीलधाऱ्यांच्या नावाच्या. चारही एका चौकात, खांद्याला खांदा लावून. कमानींत भिंती, वर छप्पर, आणि आत मुलं बसतील, शिकतील."

त्याने काहीही लपवले नाही. पण 'वडीलधाऱ्यांच्या नावाच्या' या शब्दांनाच सभेने "साधू, साधू" म्हणून टाकले होते आणि पुढचे वाक्य येईपर्यंत अर्धी सभा झोपली होती. झोपलेल्यांत राजा होता. कुंभीर जागा होता, पण तो आपल्या अंगठ्यांकडे पाहत होता.

बोधिसत्त्व द्रव्य घेऊन नळवनाला परतला आणि चौघांना भेटला.

"मला कशाला? माझी आहे की कमान," सोमिल म्हणाला.

"आबा, ती एका बाजूला झुकली आहे. या तिघांच्या नव्या असतील."

सोमिलाने उठून माळाकडे पाहून घेतले. "माझी नवीही बांध," तो म्हणाला.

"माझी कमान कुणाच्या मागे असता कामा नये," भद्रघोष ओरडला. तो शेजारीच बसलेला होता.

"काका, चौकात मागे कुणीच नसतो. तुमच्या घराकडून येणाऱ्याला तुमचीच पहिली."

ज्याच्या त्याच्या घराकडून ज्याची त्याची पहिली होती, त्यामुळे चौघेही राजी झाले. पण कमानी उभ्या राहिल्यावर नागदेवाने वाकून पाहिले आणि तो संतापला. "माझ्या कमानीतून यज्ञगुप्ताच्या कमानीची पाठ दिसते. मी त्याची पाठ बघायला एवढा खटाटोप केला का?"

"मग भिंत घालू. जाण्यायेण्यापुरतं दार ठेवू."

"घालच."

चौघांनीही भिंती मागून घेतल्या. मग शोणाबाईंनी सहज म्हटल्यासारखे केले की, पावसाने दगडावरची अक्षरे झिजतात. दुसऱ्या दिवशी चारही वडीलधारे छप्पर मागायला बोधिसत्त्वाच्या दारात उभे होते. त्यांच्या आयुष्यात ते पहिल्यांदाच एका रांगेत उभे राहिले.

शेवटी पाथरवट बोधिसत्त्वाकडे आला. "दादा, प्रतिनिधीचं नाव सगळ्यांच्या वर घालायची रीत आहे. कुठल्या बाजूला घालू?"

"कुठेच नको."

"शेजारच्या जनपदातल्या प्रतिनिधीनं तर नातवाचंही घालून घेतलं होतं."

"माझ्या नावानं भांडणाला पाचवी बाजू मिळेल," बोधिसत्त्व म्हणाला. "तेवढ्या दगडाची एक खिडकी कर."

पावसाळ्याआधी शाळा भरली. शोणाबाईंचा पहिला धडा ठरलेला होता. मुलांनी रोज एका कमानीखाली उभे राहायचे, वर कोरलेले नाव मोठ्याने वाचायचे आणि मग आत यायचे. आज सोमिल, उद्या भद्रघोष, असे पाळीपाळीने. ज्याची पाळी असेल तो वडीलधारा नेमका त्याच वेळी कामानिमित्त तिथून जात असे. यज्ञगुप्त तर म्हैस शोधायला येत असे, आणि म्हैस त्याच्या हातातल्या दोरीलाच बांधलेली असे. आपले नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकणे त्यांना नवे नव्हते. पण ते दगडावर आहे आणि कुणीही वाचू शकतो, हे नवे होते.

त्या देशात आणखी एक रीत होती. सन्मानाच्या हंड्यातून बांधलेल्या प्रत्येक कमानीखालून राजाने एकदा चालत जायचे. त्याप्रमाणे धृतवर्मा राजा नळवनाला यायला निघाला. आदल्या दिवशी कुंभीर पुढे आला आणि दारातच थबकला. आत मुले धूळपाटीवर, म्हणजे लाकडी फळीवर पसरलेल्या धुळीत, बोटाने अक्षरे गिरवीत होती.

त्याने बोधिसत्त्वाला बाजूला घेतले. "सन्मानाचं द्रव्य विद्येला लावलंस. असं करणाऱ्याचं सभेतलं आसन जातं, माहीत आहे ना?"

"मी सभेत सगळं सांगितलं होतं."

"सभा झोपली होती, असं महाराजांना सांगणार आहेस? ऐक. उद्या एक दिवस मुलांना बाहेर काढ आणि गप्प राहा. महाराज चौकातून चालत जातील, मी तुला मंत्रिमंडळात घेईन. मग मुलं आण की परत."

"आम्हालाही लहानपणी गोठा धुवायचा म्हणून एका दिवसासाठी बाहेर काढलं होतं," बोधिसत्त्व म्हणाला. "त्यांतला एकही परत आत आला नाही. मी त्यांतलाच."

"शिकला नाहीस म्हणून तर एवढं बोलतोस. मंत्रिपद आहे, लेका."

"ते तुमच्या मुलाला द्या. तो शिकलेला आहे, तुम्हाला नाही म्हणणं त्याला जमणार नाही."

दुसऱ्या दिवशी राजा आला. तो ठरल्याप्रमाणे सोमिलाच्या कमानीतून आत शिरला, आणि समोर मुले बसलेली असल्यामुळे पलीकडे जाता येईना.

"हे काय आहे?" राजाने विचारले.

बोधिसत्त्व पुढे झाला. एका शब्दाने त्याला मंत्री होता आले असते. "शाळा आहे, महाराज," तो म्हणाला.

"आम्ही कमानींना द्रव्य दिलं."

"कमानीही आहेत."

राजाने चार वडीलधाऱ्यांकडे पाहिले. आता हे चौघे मुलांसाठी काही बोलतील, असे शोणाबाईंना वाटले. शोणाबाई चांगल्या स्वभावाच्या होत्या.

"आम्ही कमानीच मागितल्या होत्या," भद्रघोष म्हणाला. "पोरं यानं भरली."

"आम्हाला काही कल्पना नव्हती," सोमिल म्हणाला.

"मला तर आधीच पटत नव्हतं," यज्ञगुप्त म्हणाला. नागदेवाने नुसती मान हलवली, म्हणजे पुढे काहीही झाले तरी ती कोणत्या बाजूने हलली ते ठरवता येईल.

राजाने निर्णय दिला. कमानी राहतील. वेणुदत्ताचे आसन गेले. मुलांना बाहेर काढा.

शिपाई आत शिरले. मुले उठली, पहिली रांग दारापाशी आली. शोणाबाईंनी तालपत्रांची गाठोडी बांधायला घेतली. तेवढ्यात भद्रघोष म्हणाला, "जरा थांबा."

तो प्रथमच हळू बोलला होता, म्हणून सगळे थांबले.

"आज माझी पाळी आहे," तो म्हणाला. "माझं नाव अजून वाचलेलं नाही."

"कमान कुठे पळून जाते आहे, काका?" कुंभीर म्हणाला. "नाव आहे तिथेच आहे."

"वाचणार कोण? तू रोज येणार आहेस का?"

सोमिल माळावरच्या जुन्या कमानीकडे पाहत होता. तिच्यावरचे नाव इतकी वर्षे कुणी वाचले नव्हते. मग तो शिपायाच्या आडवा येऊन दारात बसला. म्हातारा माणूस दारात बसला की त्याला उचलता येत नाही, ही त्या देशातली एकमेव चांगली रीत होती. भद्रघोष दुसऱ्या दारात बसला. नागदेव तिसऱ्या दारात बसला आणि आपण पहिल्यापासून याच बाजूचे होतो असे म्हणाला. यज्ञगुप्ताला तिघांचे पहिल्यांदाच पटले, त्यामुळे त्याला बसायला थोडा वेळ लागला.

राजा आतच अडकला. बाहेर स्वयंपाकाचा वास सुटला होता.

"आमचं नाव कुठे आहे?" त्याने जरा खट्टू होऊन विचारले.

शोणाबाईंनी एका मुलीची धूळपाटी पुढे केली. मुलीने बोटाने धुळीत 'धृतवर्मा' असे लिहिले आणि सगळ्या मुलांनी ते एका सुरात वाचले. राजाला वाचता येत नव्हते. त्याला राजसभेत सगळे वाचून दाखवले जात असे, पण इतक्या जणांनी एकदम कधी नव्हते. तो खाली वाकून धुळीकडे पाहत राहिला. खिडकीतून वारा आला आणि नाव उडून गेले.

"अरे, गेलं," राजा म्हणाला.

"उद्या पुन्हा लिहू," ती मुलगी म्हणाली.

"आणि परवा?"

"परवा पण पुसलं जाणार. रोजच लिहावं लागतं."

राजाने विचार केला. मग त्याने आज्ञा दिली की, हे नाव रोज लिहिले जावे आणि रोज वाचले जावे, त्यासाठी लागतील तितकी मुले आणि लागतील तितक्या बाई येथे कायम असाव्यात, आणि त्यांचा खर्च सन्मानाच्या हंड्यातून व्हावा. कुंभीराने ती आज्ञा लिहून घेतली. लिहिताना त्याचे तोंड पाहण्यासारखे झाले होते.

"याच्या आसनाचं काय, महाराज?" शोणाबाईंनी विचारले.

"ते गेलंच. आम्ही एवढ्या लांब आलो आहोत, काहीतरी शिक्षा झालीच पाहिजे," राजा म्हणाला आणि जेवायला गेला.

बोधिसत्त्व घरी गेला आणि चटया विणू लागला. शाळा आपण आणली, असे चारही वडीलधारे मरेपर्यंत सांगत राहिले. वेणुदत्ताने कुणालाही खोटे पाडले नाही. विचारायला येणाऱ्यांना तो एवढेच विचारी की, तुमची मुले जातात ना.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा विहाराच्या अंगणात सांगितली. एका उपासकाने श्रामणेरांना, म्हणजे शिकाऊ भिक्षूंना, शिकण्यासाठी नवी शाला बांधून दिली होती. तिच्यात पहिले पाऊल कुणी ठेवायचे यावर चार थेर, म्हणजे वयोवृद्ध भिक्षू, सकाळपासून वाद घालत होते, आणि श्रामणेर उन्हात उभे होते. कथा सांगून झाल्यावर शास्ते म्हणाले, "त्या वेळी हा उपासक राजा होता, विहाराचा भांडारी कुंभीर होता, या श्रामणेरांना शिकवणारी थेरी शोणाबाई होती. वेणुदत्त तो मीच."

"आणि ते चार वडीलधारे?" एका श्रामणेराने विचारले.

शास्त्यांनी थेरांकडे पाहिले. थोरल्या थेरांनी मान खाली घातली. दुसऱ्या थेरांनी हळूच विचारले, "भन्ते, पूर्वेची कमान माझीच होती ना?" त्यावर तिसऱ्यांनी हरकत घेतली. चौघे पुन्हा वादाला लागलेले पाहून शास्त्यांनी श्रामणेरांना डोळ्यांनी खूण केली, आणि वाद संपण्यापूर्वी सगळे आत जाऊन बसले.

ही त्यागपारमिता, म्हणजे त्यागाची परिपूर्णता. आपण केलेल्या कामावर आपले नाव नसावे, आसन जावे, आणि तरी ते काम उभे असलेले पाहून माणसाने स्वस्थ झोपावे, हे तिच्यात येते.