नावाडीण आणि पांढरा शंख

कोणे एके काळी, समुद्र अजून कुणी नकाशात काढला नव्हता तेव्हा, एका बंदरात एक नावाडीण राहत होती. बंदरापासून जवळच पाण्याखाली पोवळ्यांची बाग होती. नावाडीण लोकांना तिथे नेई. कमरेला दोर बांधायचा, हातात जड दगड घ्यायचा आणि श्वास रोखून बुडी मारायची. दोराला हिसका बसला की ती माणसाला वर ओढून घेई.

“चला, लाल-पिवळी बाग बघा, मोरासारखे मासे बघा,” अशी हाळी ती रोज धक्क्यावर देई.

पण समुद्र रोज सारखा नसतो. पुनवेच्या उधाणात तळाची माती उसळते आणि पाणी ताकासारखं होतं. मग लोक चिडत. नावाडीण मुकाट्याने भाडं परत देई, तरी लोक बंदराच्या कारभाऱ्याकडे जातच. तिला नवल वाटे. पैसे मिळाल्यावर राग उरतो तरी कसला?

शेवटी कारभाऱ्याने बजावलं, “आणखी एक तक्रार आली, तर तुझी नाव या धक्क्याला लागणार नाही.”

त्याच उधाणात एक म्हातारा कुंभार आला. त्याने तीन बुड्या मारल्या. वर आला तो दाढीत गाळ घेऊन. नावाडणीने घाईने भाडं पुढे केलं.

“ते राहू दे, बाई. माझे चार दिवस दे,” तो म्हणाला.

“कसले चार दिवस?”

“चालत आलो ते. जायचे चार मी तुला सोडले.”

“दिवस कुठून आणू, आजोबा?”

“पाणी असं आहे, हे सकाळी ठाऊक होतं का तुला?”

नावाडीण ओला दोर गुंडाळू लागली. ठाऊक होतं.

कुंभार म्हणाला, “मी मडकं विकतो ते गिऱ्हाइकासमोर वाजवून. फुटकं मडकं घरी गेलं, तर पैसे परत देता येतात. सांडलेलं पाणी कोण भरून देणार?”

“आता कारभाऱ्यांकडे जाणार?”

“आज पाय दुखताहेत. उद्या बघू.”

नावाडणीला रात्रभर झोप आली नाही. सकाळी तिने दोरीला हात-हातावर गाठी मारल्या, टोकाला पांढरा शंख बांधला आणि सगळ्यांसमोर पाण्यात सोडला. एका हातावरच शंख दिसेनासा झाला.

“आज बाग दिसणार नाही. अष्टमीला पाणी निवळेल. थांबायचं त्याने थांबावं,” ती म्हणाली.

शेजारचे नावाडी हसले. “गिऱ्हाईक हाकलायला शंख लागतो होय?”

बरेच लोक निघून गेले. दोन तरुण मात्र गंमत म्हणून नावेत बसले. त्यांना काहीच दिसलं नाही, तरी ते हसत वर आले आणि पूर्ण भाडं देऊन गेले. नावाडीण त्यांच्याकडे बघतच राहिली.

कुंभारही हे बघत होता. तो कारभाऱ्याकडे गेला नाही, धर्मशाळेत थांबला. अष्टमीला शंख सात हातांवरही लख्ख दिसला. कुंभाराने बुडी मारली. वर आल्यावर तो म्हणाला, “तू ओरडत होतीस तेवढी काही लाल नाही.” आणि त्याने पुन्हा दगड उचलला.

त्यानंतर तिच्या नावेची तक्रार कुणी केली नाही. पुढे कारभाऱ्याने प्रत्येक नावाड्याला दोरी आणि शंख ठेवायला लावला.

बोध इतकाच: भाडं परत करता येतं, पण मोडलेली आशा परत करता येत नाही, म्हणून जे आहे ते आधीच सांगावं.