पागोट्याचं दुसरं टोक

फार पूर्वीची गोष्ट. नेमकी कधीची म्हणून विचाराल, तर तेव्हा माणसं डोक्याला पागोटं बांधल्याशिवाय उंबरा ओलांडत नसत आणि राजधानीत राहायला जागा मिळणं महामुश्कील होतं. यातली पहिली गोष्ट आता राहिली नाही. दुसरीचं तुम्हीच बघा.

त्या राजधानीत एक रंगारी राहत होता. पागोटी रंगवणं हा त्याचा धंदा. पळसाच्या फुलांचा केशरी रंग काढावा तर त्यानंच, असं लोक म्हणत. पण बाळांनो, पागोटं रंगवणं हे निम्मंच काम, उरलेलं निम्मं वाळवण्यात असतं. ओलं पागोटं दोरीवर टाकलं की मधोमध वळ उठतो. जमिनीवर पसरलं की डाग पडतो. घडी करून ठेवलं तर रंग एकीकडे ओढला जातो आणि नवं पागोटं जुनेराहून वाईट दिसतं. म्हणून दोघांनी दोन टोकं धरायची, उन्हात ताणून उभं राहायचं आणि सुकेपर्यंत वाऱ्यावर हलवत राहायचं. पागोटं लांब, तेव्हा जागाही तेवढीच लांब हवी.

आणि जागेचीच तर बोंब होती! घरमालक दर दसऱ्याला भाडं वाढवी. डावीकडच्यानं एक मजला चढवला, म्हणून उजवीकडच्यानं दोन चढवले. रंगाऱ्याच्या अंगणात ऊन यायचं ते नुसतं तोंड दाखवून जायचं. तो मालकाला म्हणाला, "अहो, भाडं घ्या, पण उन्हाची काही सोय करा."

"ऊन हवं असेल तर वरच्या मजल्यावर या," मालक म्हणाला. "त्याचं भाडं वेगळं."

आता अशा माणसापुढे काय बोलणार? रंगारी तसाच घरी आला. रात्रंदिवस राबून हाती येईल ते मालकाच्या घशात जात होतं. तेव्हा त्याची बायको म्हणाली, "अहो, आपण नदीपल्याड जाऊ या का?"

नदीपल्याड एक लहानसं गाव होतं. राजधानीच्या इतकं जवळ, की देवळातली घंटा तिकडून इकडे ऐकू यावी. तरी राजधानीतले लोक त्याचं नावसुद्धा घेत नसत, नुसतं 'पल्याड' म्हणत आणि नाक मुरडत.

"पल्याड?" रंगारी ओरडला. "तिथे कोण राहतं?"

"माणसं राहतात," बायको म्हणाली.

शेवटी एके दिवशी रंगाची पिंपं, चुलाणं आणि संसार होडीत घालून दोघं नदी ओलांडून आली. घर बघितलं आणि रंगारी दारातच थबकला. चार खोल्या, मागे गोड्या पाण्याची विहीर आणि पुढे हे एवढं मोठं अंगण! सकाळचं ऊन दारात यायचं ते संध्याकाळपर्यंत मुक्कामाला. वर्षाचं भाडं इतकं थोडं, की राजधानीत तेवढ्यात दोन महिनेही निघाले नसते. रंगारीण अंगणातच बसली आणि तिनं जमिनीला हात लावून नमस्कार केला. रंगाऱ्यालाही आतून फार बरं वाटलं. पण तसं कबूल करील तर तो राजधानीतला कसला! "दोन-चार वर्षं काढायची," तो म्हणाला. "चार पैसे गाठीला आले की चाललो परत."

त्याच दुपारी शेजारच्या ठकूआजी आल्या. वयानं गावात सगळ्यांत थोरल्या आणि जिभेनं त्याहून. हातात वाटीभर पिठलं आणि वर दोन भाकरी. म्हणाल्या, "दमला असाल. आज चूल पेटवू नका." वाटी ठेवली आणि गेल्यासुद्धा.

रंगारणीच्या डोळ्यांत पाणी आलं. राजधानीत इतकी वर्षं राहून समोरच्या घरातल्या बाईचं नाव तिला कळलं नव्हतं. रंगारी मात्र त्या वाटीकडे संशयानं बघत राहिला. "फुकट कुणी काही देत नसतं," तो म्हणाला. "आज पिठलं देतील, उद्या काय मागतील कोण जाणे. वाटी घास, तिच्यात गूळ भर आणि दिवे लागायच्या आत देऊन ये. कुणाचे मिंधे व्हायचं नाही आपल्याला."

दुसऱ्या दिवशी कुंभाराच्या घरून ताकाचा गडवा आला. तो संध्याकाळी डाळ भरून परत गेला. पंतोजींच्या घरून सुपातून शेंगा आल्या. सूप तांदूळ घेऊन परत गेलं. रंगारी मनातून खूश होता. आपण कसे टापटिपीचे, कसे वेळच्या वेळी, असं त्याला वाटे.

हसू नका. माणूस वाईट नव्हता. शहरात राहून राहून त्याला उपकाराची धास्तीच बसली होती. आणि या गावाची रीत त्याला कुणी सांगितली नव्हती. सांगणार तरी कोण? जी रीत सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली असते, ती कुणी कुणाला सांगत बसत नाही.

हळूहळू वाट्या यायच्या बंद झाल्या. विहिरीवर रंगारीण गेली की बायका बाजूला सरून तिला जागा देत, पण बोलणं तोडून. ती घरी येऊन म्हणाली, "अहो, आपलं काहीतरी चुकतंय."

"काय चुकतंय? कुणाची काडीसुद्धा आपल्याकडे नाही," रंगारी म्हणाला.

अशात राजवाड्यावरून बोलावणं आलं. राजकन्येचं लग्न ठरलं होतं. वरातीपुढे चालणाऱ्या मानकऱ्यांसाठी साठ पागोटी हवी होती आणि कारभाऱ्यांनी बजावून सांगितलं, "साठही एका रंगाची. एक फिकं, एक गडद असं दिसलं तर राजवाड्याचं काम पुन्हा मागायला यायचं नाही. आणि काम चोख झालं, तर राजवाड्याशेजारी एक घर रिकामं आहे. ते तुम्हाला देऊ. भाडं नाही."

राजवाड्याशेजारी घर! रंगाऱ्याला झोप लागेना. कापड राजवाड्याचं, अब्रू आपली. एक जरी पागोटं बिघडलं तर घर गेलं, काम गेलं आणि नावही गेलं.

साठ पागोटी एका रंगाची हवीत तर एकाच रंगात, एकाच दिवशी बुडवायला हवीत आणि लगेच वाळवायला हवीत. त्यानं राजधानीत जाऊन मजूर ठरवले. भरपूर मजुरी कबूल केली. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी चुलाणं पेटलं, पळसाची फुलं उकळली, तुरटी पडली, रंग असा उतरला की बघत राहावं. उकळता रंग काही मजुरांसाठी थांबत नाही. रंगाऱ्यानं पागोटी बुडवली, ढवळली, पिळून घंगाळात काढली. ऊन डोक्यावर आलं. मजुरांचा पत्ता नाही.

तेवढ्यात होडीवाला निरोप घेऊन आला. "तुमचे मजूर घाटापर्यंत आले होते, पण मांडववाल्यांनी जास्ती मजुरी दिली, म्हणून तिकडेच वळले."

रंगाऱ्यानं एक पागोटं उचललं, एक टोक बायकोच्या हाती दिलं, दुसरं स्वतः धरलं. एक सुकेपर्यंत बाकीची घंगाळात आंबून जाणार होती. दोघांनाही ते दिसत होतं.

"हाक मारा," बायको म्हणाली.

"कुणाला? कुणाशी आपला काय संबंध?"

"तेच तर चुकलंय म्हणत होते मी! ठकूआजींकडे जा. पाया पडते तुमच्या, पण जा."

रंगारी शेजारच्या दारात जाऊन उभा राहिला. ओले केशरी हात, चेहरा उतरलेला. "आजी, माझं काम अडलंय. माणसं हवीत. जी म्हणाल ती मजुरी देतो."

ठकूआजी लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली. "मजुरी? अरे लेका, माझ्या वाटीला तू एक रात्र तरी तुझ्या घरात राहू दिलीस का?"

रंगारी गोंधळला. "आजी, मी तर भरून परत केली."

"म्हणूनच तर! आमच्याकडे वाटी गेली की चार-आठ दिवस तिकडेच राहते. मग एखादे दिवशी मी ती मागायला जाते, घटकाभर बसते. नाहीतर तुझी बायको द्यायला येते, ती बसते. भांडं घरात राहिलं की येणं-जाणं राहतं. भांडं त्याच दिवशी परत कोण करतं ठाऊक आहे? ज्याला भांडणानंतर संबंध तोडायचा असतो तो! तू तर आल्या दिवशीच तोडलास. आम्हाला वाटलं, राजधानीची माणसं, यांना आपला उंबरा नकोसा दिसतोय."

रंगाऱ्यानं कान पकडले. "आजी, मला माहीत नव्हतं. मला वाटलं, मी नीट वागतोय."

आजींनी त्याच्याकडे नीट निरखून बघितलं. मग लसणाची परडी बाजूला सारली, पदर खोचला आणि म्हणाल्या, "चल हो पुढे. आणि मजुरीचं नाव पुन्हा काढलंस, तर मी इथेच बसेन."

बाहेर येऊन त्यांनी अशी हाक मारली की देवळावरची कबुतरं उडाली. "अरे ए, बाहेर या सगळे! रंगाऱ्याचं काम अडलंय!"

आणि काय सांगू तुम्हाला, गाव आलं. कुंभार आला, त्याला आजींनी आधी हात धुवायला पिटाळलं. पंतोजींनी शाळा सोडली आणि पोरांसकट आले. विहिरीवरच्या बायका घागरी तिथेच ठेवून आल्या. बांधावरून भांडून अबोला धरलेले दोन भाऊ आले, आणि आजींनी मुद्दाम एकाच पागोट्याची दोन टोकं दोघांच्या हातांत दिली. बराच वेळ दोघं दोन दिशांना बघत उभे. मग धाकटा म्हणाला, "दादा, ढिलं सोडू नका." थोरला म्हणाला, "तूच ओढतोयस." इतकं तरी बोलले!

अंगण भरलं, मग गल्ली भरली, मग माणसं देवळापुढच्या पटांगणात गेली, तिथून नदीच्या वाळवंटापर्यंत. जिकडेतिकडे केशरी. रंगारी या टोकाकडून त्या टोकाकडे धावत होता. "जरा वर धरा, मामा. वहिनी, वाऱ्याच्या बाजूनं फिरा." आणि लोक त्याचं ऐकत होते, मध्येच एकमेकांची थट्टा करत होते, कुणी गाणं म्हणत होतं. धावता धावता तो थांबला. त्यानं सगळीकडे बघितलं. यातल्या कितीतरी जणांची नावंही त्याला ठाऊक नव्हती, आणि ही माणसं आपली कामं टाकून त्याची अब्रू हातात धरून उन्हात उभी होती. तो भर रस्त्यात रडला. त्याला त्याची लाजही वाटली नाही.

ऊन कलायच्या आत साठही पागोटी सुकली. साठही एका रंगाची. संध्याकाळी ठकूआजींनी सगळ्यांसाठी डाळवांगं केलं आणि पातेलंभर रंगाऱ्याच्या घरी धाडलं. रंगारणीनं विचारलं, "पातेलं घासून देऊन येऊ?"

"राहू दे गं," रंगारी म्हणाला. "मागायला येतील तेव्हा बसतील जरा."

लग्न थाटात झालं. वरातीपुढची पागोटी बघून लोक नवरदेवाकडे बघायचे विसरले. कारभारी स्वतः होडीत बसून पल्याड आले. त्यांच्या हातात किल्ली होती. "रंगारीबुवा, घर तुमचं. उद्याच या राहायला."

रंगाऱ्यानं बायकोकडे बघितलं. भांडं घासता घासता तिचे हात थांबले होते. मग त्यानं विचारलं, "सरकार, तिथे शेजार कसा आहे?"

"शेजार?" कारभारी हसले. "उत्तम! कुणी कुणाच्या अध्यात ना मध्यात. ज्याचं त्याचं दार बंद."

रंगाऱ्यानं हात जोडले. "तुमचे फार उपकार झाले. पण किल्ली दुसऱ्या कुणाला द्या. पागोट्याला दोन टोकं असतात, सरकार. एक मी धरीन. दुसरं धरायला बंद दारातून कोण येईल?"

कारभाऱ्यांना ते काही उमगलं नाही. माणूस खुळा दिसतो, असं म्हणत ते परत गेले. पण काम चोख होतं, तेव्हा राजवाड्याची पागोटी नदी ओलांडून रंगाऱ्याकडेच यायला लागली. नंतर शालू आले, शेले आले. रंगाऱ्याला माणसांची कमतरता कधी पडली नाही आणि गावातल्या पुष्कळ घरांना त्या कामावर चार घास जास्तीचे मिळू लागले. रोज सकाळी दार उघडलं की रंगारी त्या उन्हाला, त्या अंगणाला आणि गल्लीतल्या प्रत्येक उघड्या दाराला मनातल्या मनात हात जोडी. राजवाड्याशेजारच्या घरात पुढे कोण राहायला गेलं, हे त्यानं कधी विचारलंही नाही.

तात्पर्य : घर घ्यावं ते अशा ठिकाणी, जिथे आपलं काम अडल्यावर शेजारी धावून येतो आणि त्याच्या उपकाराचं आपल्याला ओझं वाटत नाही.