करंगळीचा खळगा

एकदा एक प्रौढ बाई आपल्या वृद्ध गुरुजींकडे स्टीलचा डबा घेऊन आली. गुरुजींनी उभा जन्म शाळेत विज्ञान शिकवले होते आणि निवृत्तीनंतरही ती खोड सुटली नव्हती. डब्यात ज्वारीची भाकरी होती, तिच्या आईने थापलेली शेवटची. त्या सकाळी भाकऱ्या करून आई जरा आडवी झाली, ती उठलीच नाही. लेकीने दुरडीतली ती गरम भाकरी उचलून डब्यात ठेवली आणि झाकण घट्ट लावले.

आईची करंगळी फार पूर्वी मोडून आखडली होती. त्यामुळे तिच्या प्रत्येक भाकरीच्या कडेला एक बारीक खळगा पडे. लेकीला तो खळगा जपायचा होता. दिवसकार्य आटोपल्यावर तिने डबा उघडला, तर हिरवट बुरशी खळग्यापासून दोन बोटांवर येऊन ठेपलेली.

"ही बुरशी खळग्याआधीच थांबवा, गुरुजी. मला आईची फार आठवण येते," ती म्हणाली.

गुरुजी म्हणाले, आधी प्रयोग करू. दुसऱ्या दिवशी ती दुकानातला पाव घेऊन आली, कारण आई गेल्यापासून तिने परातीला हात लावला नव्हता. गुरुजींनी पाव बाजूला सारला. भाकरीच हवी, तीही तिच्या हातची आणि इथेच केलेली, असे त्यांनी बजावले. तिला रागच आला. इकडे भाकरी नासत चालली आहे आणि म्हातारा गृहपाठ देत बसला आहे! तरी तिने त्यांच्या चुलीवर भाकरी केली. गुरुजींनी त्या भाकरीचे तीन तुकडे केले. एक गरम असतानाच डब्यात कोंडला, दुसरा फळीवर उघडा ठेवला, तिसरा कडक उन्हात वाळत घातला.

दहाव्या दिवशी दोघांनी तुकडे पाहिले. डब्यातल्या तुकड्यावर बुरशीची दाट लव होती, फळीवरच्यावर दोन-चार ठिपके. उन्हातला मात्र कडक आणि स्वच्छ. तिने घाईने आईचा डबा उघडला. खळगा बुरशीखाली गेला होता. म्हणजे मीच नासवली, असे म्हणून ती रडू लागली.

गुरुजींनी तिला रडू दिले. मग ते म्हणाले, "बाळ, बुरशीचे बीज हवेत सगळीकडे असते. झाकणाने ते अडत नाही, अडते ती फक्त वाफ, आणि त्या ओलीवरच ते वाढते. तुझी माया खोटी नव्हती, पण तू ती गरम असतानाच कोंडलीस. आता हा उन्हातला तुकडा नीट बघ."

तिने तुकडा उलटसुलट केला. कडेला एक बारीक खळगा होता.

"पण माझी करंगळी तर सरळ आहे," ती पुटपुटली.

"आहे खरी. थापायला कुणाकडे बघून शिकलीस?"

आईची भाकरी तिने गुरुजींच्या अंगणातल्या जास्वंदीच्या मुळाशी पुरली, डबा घासून उन्हात पालथा घातला. संध्याकाळी घरी तिने परात पुढे ओढली आणि थापताना प्रथमच आपल्या हाताकडे पाहिले. करंगळी आपोआप आखडली होती.