खंड्या आणि गावातली पहिली बस

ज्या काळी आंबेघरात मोटार कुणी पाहिली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. येसूकाकूंच्या खंड्या कुत्र्याला माणसांचा एकच शब्द पक्का येत होता, "बस." तो कानावर पडला की खंड्या असेल तिथे बसायचा.

एके दिवशी गावात पहिली गाडी यायची होती. सारा गाव रस्त्याकडेला लोटला. वळणावर धूळ उडाली आणि सगळे ओरडू लागले, "बस! बस!" उड्या मारणारा खंड्या भर रस्त्यात ऐटीत बसला. लोक जितके ओरडले तितका तो घट्ट बसला. शेवटी भुरी शेळीने धावत येऊन त्याला ढुशी दिली. तो कडेला कोलमडला आणि गाडी धडधडत पुढे गेली.

"मी तर सांगितलेलं ऐकलं," खंड्या धापा टाकत म्हणाला.

"अरे, त्या गाडीलाही बसच म्हणतात," भुरी म्हणाली. "तुझ्याकडे बघत तरी होतं का कुणी?"

संध्याकाळी गवळी दूध ओतत होता. भांडं भरत आलं तशा काकू म्हणाल्या, "बस."

खंड्या बसता बसता थांबला. त्याने मान वर केली. काकूंची नजर दुधावर होती आणि हात गवळ्यापुढे आडवा धरलेला होता. खंड्या शेपूट हलवत उभाच राहिला.